तंबोरा जुळवताना

फोंड्यातील आमच्या घरी पावसाळा सुरू झाला की तंबोऱ्याच्या खुंट्या दमट हवेने फुगून घट्ट बसतात आणि रियाझाआधीचा बराच वेळ तो जुळवण्यातच जातो. चार तारांपैकी पहिली मंद्र पंचमावर (खालच्या ‘प’वर), मधल्या दोन जोडाच्या षड्जावर (मधल्या ‘सा’वर) आणि शेवटची पितळी तार खर्जावर, म्हणजे खालच्या ‘सा’वर, लावतात. मात्र मालकंस रागात पंचमच वर्ज्य असल्याने पहिली तार मध्यमावर उतरवावी लागते. खुंटीने स्वर जवळ आणावा, तारेत ओवलेल्या मणक्याने बारीक फरक मिटवावा आणि मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखालचा सुताचा धागा अगदी किंचित सरकवत जवारी, म्हणजे तारेचा घुमता झणकार, खुलवावी. या शेवटच्या कामात घाई मुळीच चालत नाही, कारण जवारी खुलली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधारही स्पष्ट ऐकू येतो, आणि तो ऐकल्याशिवाय मला गायला सुरुवात करवत नाही.

चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारा माझा मित्र ४४० हर्ट्झचा ‘ए’ धरून बाकीच्या तारा ३:२ या प्रमाणात, म्हणजे पंचमाच्या अंतराने मिळवतो. त्यामुळे त्याची ‘ई’ची तार ६६० हर्ट्झवर येते. आमचा षड्ज मात्र गळ्याप्रमाणे ठरतो: मी काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी) धरते, माझे वडील काळी एक धरत.