पाठमोरे सिनेमे

माझ्या कपाटातले सगळे सिनेमे माझ्याकडे पाठ करून उभे असतात. डीव्हीडी वगैरेंच्या डब्यांच्या बोटभर रुंदीच्या पाठी, बहुतेक काळ्या, काही निळ्या, मध्येच एखादी पिवळीधमक. त्यांचे चेहरे, म्हणजे ज्यांवर भाळून मी ते घेतले ती कव्हरं, एकमेकांच्या अंगाला चिकटून अंधारात बसलेली. चेहरा बघून पसंत करायचं आणि घरी आणून जन्मभर पाठ बघायची, असा हा छंद आहे. हे मी एकदा एका संग्राहक मित्राला हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "म्हणूनच मी प्रत्येकाच्या दोन प्रती घेतो."

वाद मात्र सगळे चेहऱ्याचेच. दोन संग्राहक एकत्र आले की पहिली दहा मिनिटं 'मुंडक्यां'वर जातात. मुंडकी म्हणजे नटनट्यांचे चेहरे उतरंडीसारखे एकावर एक रचलेलं कव्हर. ज्याचं मानधन मोठं त्याचं मुंडकं मोठं. खाली कोणीतरी पळतंय, मागे स्फोट. तो स्फोट सिनेमात असेलच अशी हमी कोणी देत नाही. मूळ पोस्टर एखाद्या चित्रकारानं महिनाभर खपून रंगवलेलं असताना घरी न्यायच्या डबीवर हे कशाला, हा संग्राहकांचा सनातन प्रश्न आहे.

मीही तो तावातावानं विचारत आलो. अलीकडे मात्र वाटतं, की ती मुंडकी आमच्यासाठी नव्हतीच. ती होती दोन हात लांब उभ्या असलेल्या, सिनेमाचं नावही न ऐकलेल्या माणसासाठी. 'हा नट ओळखलास ना? मग घे,' एवढंच त्यांना त्याला सांगायचं असतं. संग्राहकाला सिनेमा आधीच पाठ असतो. त्याला काही सांगायला नको, आठवण करून द्यायला हवी. रिकामी खुर्ची, भिंतीवरची सावली, एवढ्यावर त्याचं भागतं. एकाच कागदावर ओळख करून देणं आणि आठवण काढणं या दोन्ही गोष्टी कशा जमाव्यात?

व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात तर कव्हर म्हणजे बाजारात घसा फोडून ओरडणारा विक्रेताच होता. आत चार आण्यांचा सिनेमा आणि वर बारा आण्यांचं चित्र. कधी तो विक्रेता इतका ओरडे की भलतेच लोक जागे होत. ब्रिटनमध्ये १९८२ साली 'द ड्रिलर किलर' नावाच्या भयपटाच्या व्हिडिओची जाहिरात छापून आली. माणसाच्या कपाळात ड्रिल घुसतंय, रक्त ओघळतंय. लोक खवळले, तक्रारी झाल्या. अशा व्हिडिओंविरुद्ध जे काहूर उठलं त्यातून १९८४चा कायदा आला आणि व्हिडिओंना सरकारमान्य प्रमाणपत्र सक्तीचं झालं. सिनेमा बघायची गरजच पडली नाही, चित्र पुरेसं होतं.

आणि त्या प्रमाणपत्राचा शिक्का कुठे बसणार? कव्हरवरच. जर्मनीत तर २००८मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि वयोगटाचा रंगीत चौकोन पुढच्या बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात, किमान १२०० चौरस मिलिमीटर एवढा ठरला. सुरेख चित्राच्या पायथ्याशी कोणी भडक फरशी बसवावी तसं ते दिसतं. पण संग्राहकाच्या हट्टापुढे बाजारही वाकतो. तिकडच्या कितीतरी डब्यांत कव्हरचा कागद दोन्ही बाजूंनी छापलेला मिळू लागला. घरी आणा, कागद ओढून काढा, उलटा करा, परत सरकवा. शिक्का आत, चित्र बाहेर. काही प्रकाशक याच युक्तीनं एका बाजूला नव्यानं काढून घेतलेलं चित्र आणि दुसऱ्या बाजूला जुनं पोस्टर देतात. मग नवी पंचाईत, कोणती बाजू बाहेर ठेवायची? मी एका सिनेमाचा कागद इतक्या वेळा उलटसुलट केलाय की त्याचे कोपरे कानासारखे दुमडलेत. आता दोन्ही बाजू सारख्याच वाईट दिसतात.

पण चेहरा झाला चार दिवसांचा. खरा संसार पाठीशी. डीव्हीडी आली तेव्हा चकती जेमतेम १२ सेंटिमीटरची, सीडीएवढीच. तरी डबी मात्र साधारण १९ सेंटिमीटर उंच केली, म्हणजे व्हिडिओ कॅसेटच्या खोक्याइतकी. दुकानांच्या जुन्या फळ्यांवर ती मुकाट्यानं बसली. आमच्या फळ्याही त्याच मापाच्या झाल्या. मग २००६मध्ये डीव्हीडीची धाकटी, जास्त स्पष्ट चित्राची बहीण ब्लू-रे आली, चकती तेवढीच आणि डबी दोनेक सेंटिमीटरनं बुटकी. एकाच दिग्दर्शकाचे सिनेमे ओळीनं लावावेत तर मध्येच खड्डा. काहीजण डीव्हीडी आणि ब्लू-रे वेगवेगळ्या फळ्यांवर लावून मोकळे होतात. मला ते सख्ख्या भावंडांना वेगळ्या पंक्तीत बसवल्यासारखं वाटतं, म्हणून माझी रांग दातपडक्या पोराच्या हसण्यासारखी.

त्याहून मोठं दुःख मालिकांचं. पाच सीझन एका अक्षरवळणात, एका रंगात, पाठीला पाठ लावून शहाण्यासारखे उभे राहतात. सहाव्याच्या वेळी कोणा नव्या माणसाच्या डोक्यात येतं, की जरा बदल करू. अक्षर वेगळं, रंग पांढरा, बोधचिन्ह वर होतं ते खाली. ज्यानं हे केलं त्याच्या घरी कपाट नसावं. काही देशांत नाव वरून खाली छापतात, काही देशांत खालून वर. संग्रह जरा देशोदेशीचा असला की नावं वाचताना मान एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. आमच्या घरी पाहुणे ती फळी बघत असले, की लांबून ते कशाला तरी नकार देतायत असं वाटतं.

पाठीचं मोल ज्यांनी ओळखलं ते म्हणजे क्रायटेरियन. १९८४मध्ये लेझरडिस्कपासून, म्हणजे डीव्हीडीआधीच्या ताटाएवढ्या चकत्यांपासून, सुरुवात केलेली ही निवडक सिनेमे काढणारी अमेरिकन मंडळी. डीव्हीडींच्या पाठीवर ती क्रमांक छापत आलीय. क्रमांक १ दिला 'ग्रँड इल्यूजन'ला, पण त्याची मूळ निगेटिव्ह सापडल्यानं तो लांबला आणि २ क्रमांकाचा 'सेव्हन समुराई' १९९८मध्येच पुढे गेला. एवढासा आकडा, पण त्यानं माणसं कामाला लावली. मधला एक आकडा नाही म्हणून झोप न येणारे लोक मला माहीत आहेत. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, "हा सिनेमा कसा आहे रे?" मी म्हटलं, "तुझ्याकडे आहे की!" "आहे," तो म्हणाला, "पण उघडलेला नाही."

आता बॉक्स सेट, म्हणजे एका खोक्यात बऱ्याच डिस्क. इथे हौसेला मोल नसतं आणि शहाणपणालाही नसतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या लांबवलेल्या आवृत्त्या, २००२ ते २००४ अशा वर्षाला एक आलेल्या. चार-चार डिस्क, जुन्या बांधणीच्या पुस्तकासारखं रूप, हिरवा, तांबडा आणि निळा. तिन्ही वर्षं मापही तेच आणि वळणही तेच. त्या तीन पाठी शेजारी शेजारी उभ्या असल्या की घरात कोणीतरी वडीलधारं आहे असं वाटतं. याउलट २००३चा 'एलियन'च्या चार सिनेमांचा सेट. नऊ डिस्क, पुठ्ठ्याची घडी उलगडत जाते, उलगडत जाते, आणि शेवटी आपले हात संपतात. 'ब्लेड रनर'ची २००७ची आवृत्ती तर चक्क मुठीच्या बॅगेत आली. बॅग कोणत्याच फळीत मावत नाही. तिचे मालक ती कपाटावर ठेवतात आणि उतरवावी लागते म्हणून सिनेमा बघत नाहीत.

खोकं करणाऱ्यानं ते स्वतः एकदा तरी उघडून बघावं, एवढीच माझी मागणी आहे. माझ्याकडे एक जाडजूड, पुस्तकासारखा सेट आहे. दिसायला राजबिंडा. पण चकत्या पुठ्ठ्याच्या घट्ट खाचांत खोचलेल्या. काढायच्या तर बोटं डिस्कच्या चमकत्या बाजूलाच लागतात, आणि ओढताना पुठ्ठा तिला अलगद खरवडतो. नवीकोरी डिस्क पहिल्याच दर्शनात ओरखडलेली. नाकापेक्षा मोती जड, तो हा. त्यापुढे साधी प्लास्टिकची डबी गुणी म्हणायची. मधलं बटण दाबलं की डिस्क टुणकन हातात.

पत्र्याच्या डबीबद्दल, म्हणजे स्टीलबुकबद्दल, मी बोलणार नव्हतो. जखम ताजी आहे. आलेलं पाकीट उघडलं तर डाव्या कोपऱ्याला पोचा. मूगडाळीच्या दाण्याएवढा. बायकोला दाखवला तर तिला तो सापडेना. मी बोट ठेवून दाखवला.

"अरे, पण हा सिनेमा आहे ना आपल्याकडे?"

"आहे. पण तो साध्या डबीत."

"आणि मागच्या वर्षी आणलास तो?"

"त्याला वरून कागदी कव्हर होतं."

"तेच, ज्याला तू प्लास्टिकची पिशवी घातलीस?"

कव्हर जपायला त्यावर कागदाचं कव्हर, ते जपायला प्लास्टिकचं. मी गप्प बसलो. तिसरी प्रत घ्यायला कारण लागतंच, आणि ते आतल्या डिस्कमध्ये नव्हतं. तिन्हींत सिनेमा अक्षरशः तोच आहे.

त्या रात्री तिला सिनेमा बघायचा होता. कुठला, हे विचारावं लागलं नाही. आमच्याकडे एक जुनी डबी आहे. तिच्या कव्हरचा कागद कधीच हरवला, घर बदलताना किंवा त्याआधी. बिजागरी एका बाजूनं तुटलीय. पाठ कोरी, काळी, वर नावही नाही. सबंध फळीत मान वाकडी न करता सापडते ती तेवढीच.