बोट थरथरलं तरी बोलता यायला हवं

आज नागपूरच्या इंदोऱ्यात मुलांसोबत चित्रं दाबून बोलायचं ॲप तपासलं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या एका मुलीचं बोट थरथरत होतं. हवं असायचं पाणी, दाबलं जायचं भलतंच. चित्रांचे चौकोन मोठे केले, निवड बोट टेकताच नाही तर उचलल्यावर ठेवली. आता चुकीच्या जागी पडलेलं बोट सरकवून नेता येतं. फोन बोलला, "मले पाणी पायजे." घरी बोलतात तसंच!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पण कागदाबाहेर, वस्तीत घरात एकच स्वस्त फोन, तोही बाबा कामावर नेतात. म्हणून ॲप नेटशिवाय चालायलाच हवं, आणि चित्रं छापलेला पुठ्ठाही द्यायचा. नवीन चित्रं मुलंच निवडतायत. पहिली मागणी: "नको" म्हणायचा चौकोन.