अठ्ठावीस नॅनोग्रॅमचा हिशेब

वाढ म्हटली की वजनही वाढणार, हे आपण धरूनच चालतो. उंदराचं भ्रूण मात्र पहिले दोन-तीन दिवस चक्क रोडावतं. अमेरिकी संशोधक राल्फ ब्रिन्स्टर यांनी १९६७ साली ते मोजून दाखवलं. एकपेशी अवस्थेत प्रथिन साधारण २८ नॅनोग्रॅम, आठ-सोळा पेशी होईतो २१च्या आसपास, आणि ब्लास्टोसिस्ट (आतून पोकळ पेशीगोळा) होताना पुन्हा किंचित चढ. पेशी सोळापट, माल पाऊणपट!

बीजांड निघतं ते आईने दिलेल्या शिदोरीवर. तयार प्रथिनं असतात आणि पुढची घडवायला लागणारे आरएनए संदेशही. उंदरात भ्रूणाची स्वतःची जनुकं खऱ्या अर्थाने जागी होतात ती दोन पेशींच्या टप्प्यावर, माणसात चार ते आठ पेशींच्या. तोवर कारभार जुन्या संदेशांवरच. संदेशाची अ‍ॅडेनिनची शेपटी लांबली की त्यावरून प्रथिन बनू लागतं. छाटली की तो गप्प होतो, पुढे नष्टही.

पण खरी गंमत मोडण्यात आहे. शुक्राणू आत शिरताच कॅल्शियमच्या लाटा उसळू लागतात, उंदरात दर दहा-वीस मिनिटांनी एक, अशा काही तास. त्यांच्यामुळे बीजांडाचं विभाजन अडवून धरणाऱ्या एमी-२ या प्रथिनावर युबिक्विटिनचा, म्हणजे ‘हे मोडा’ असं सांगणारा, शिक्का बसतो आणि प्रोटिएसोम हे प्रथिनं मोडणारं पेशीतलं यंत्र त्याचे तुकडे करतं. एमी-२ गेलं की विभाजनाचं नियंत्रण करणारं सायक्लिन-बी हे प्रथिन मोडतं, मगच अडलेलं विभाजन पुरं होतं. एमजी-१३२ हे रसायन घालून प्रोटिएसोम बंद पाडा, बीजांड जागचं हलत नाही.

दुसरी वाट ऑटोफॅजीची, म्हणजे पेशीने स्वतःचाच ऐवज पचवण्याची. २००८मध्ये जपानी संशोधकांनी त्यासाठी लागणारं एटीजी-५ जनुक नसलेल्या उंदराच्या बीजांडाचा तसल्याच शुक्राणूशी संयोग घडवला. भ्रूणं चार-आठ पेशींवर थांबली, आणि त्यांच्यात नवी प्रथिनं बनण्याचा वेगही मंदावलेला होता. जुनं मोडून सुटणारी अमिनो आम्लंच नव्याला लागत होती, असा त्याचा सरळ अर्थ.

म्हणून नुसत्या एकूण वजनावर विसंबू नये. त्या आकड्यातही भेसळ होते: पोषकद्रवातलं अल्ब्युमिन हे प्रथिन चिकटून येतं, आणि झोना पेलुसिडा हे बाहेरचं कवच स्वतःच काही नॅनोग्रॅम प्रथिनाचं असतं. ते काढलं की ठेवलं, हे नोंदवलं नसेल तर तुलना फुकट. बनण्याचा वेग पाहायला गंधक-३५ची किरणोत्सारी खूण लावलेलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल देतात, मग भ्रूणं थेंबामागून थेंबात धुतात. इथेही फसगत आहे. पेशीतलं साधं मेथिओनिन जितकं जास्त, तितकी खूण पातळ. म्हणजे कमी किरणोत्सार दिसला तरी काम कमी झालं असं नाही. मोडण्याचा वेग मोजणं तर आणखी किचकट. खुणेचं प्रथिन मोडून सुटलेलं मेथिओनिन भ्रूण लगेच नव्या प्रथिनात घालतं आणि जुनं प्रथिन आहे त्याहून टिकाऊ भासतं. म्हणून पुढच्या द्रवात साधं मेथिओनिन सढळ हाताने घालावं लागतं.