येचॉनला कशाला गेलात?

आमचे सोलमधले चार दिवस छान गेले म्हणे. फोटोत तरी तसंच दिसतंय. लक्षात राहिलं ते येचॉन, दक्षिण कोरियातलं तिरंदाजीचं गाव.

दोंग-सोल स्टँडवरून बसने अडीचेक तास. मी साताऱ्याची. आमच्या अदिती स्वामीने ज्योती सुरेखा आणि परनीत कौरच्या साथीने मे 2024 मध्ये तिरंदाजी वर्ल्ड कपचं सांघिक सुवर्ण इथेच जिंकलं, म्हणून हट्टाने गेले. नवरा वाटभर कुरकुरत होता. त्यात जेवायला गावची खासियत मागवली, तर डुकराच्या आतड्यात भरलेलं सुंदे पुढ्यात! मी नुसता भात खाल्ला.

मैदानाचं नाव जिन-हो. मला वाटलं, असेल कोणी सेनापती. निघाली किम जिन-हो, इथलीच मुलगी. 1978 मध्ये शाळकरी वयात एशियाडचं सुवर्ण, 1979 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत पाच सुवर्णं. पुढच्याच वर्षी मॉस्को ऑलिंपिक, तर कोरियाचा बहिष्कार. 1983 मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा जगज्जेती. 1984 मध्ये त्याच शहरात ऑलिंपिक. चार दिवस, 288 बाण, आणि सुवर्ण गेलं तिच्याच संघातल्या 17 वर्षांच्या सेओ ह्यांग-सूनला. जिन-होला कांस्य.

आपल्याकडे तिला जन्मभर ‘थोडक्यात हुकलं हो’ ऐकावं लागलं असतं. मीही त्यातलीच. लेकीला 94 टक्के पडले तेव्हा सहा कुठे गेले, हेच आधी विचारलं होतं. इथे अख्खं मैदान त्या कांस्यवालीच्या नावाने.

हौशी लोकांसाठीचं हलकं धनुष्य हातात मिळालं. फोटोत बरं दिसेना म्हणून दोरी लागू नये म्हणून हातावर बांधतात ती चामडी पट्टी मी काढून ठेवली. दोरी सुटली ती सरळ कोपराच्या आतल्या बाजूला सपकन बसली. डोळ्यांत पाणीच आलं. शेजारी एक शाळकरी पोरगी 70 मीटरवर नेम धरून उभी होती. तिथला दहा गुणांचा गोल पुरीएवढा, 12.2 सेंटीमीटरचा. मला तर तो दिसतही नव्हता. तिने दोरी हनुवटीला टेकवली, सोडली, आणि बाण कुठे गेला ते न बघता दुसरा काढला.

घरी आले तेव्हा हात जांभळाच होता. सासूबाईंनी विचारलं, “मग, लागला का बाण?”

म्हटलं, “नाही हो आई, दोरी लागली.”