नाल्याकाठी काय बांधता येतं, काय नाही

येऊरच्या डोंगरातून निघालेला ओढा ठाण्याच्या खाडीला मिळेपर्यंत त्याला लागू होणारे नियम तीनदा बदलतात. वर जंगल आणि राष्ट्रीय उद्यानाचा इको-सेन्सिटिव्ह झोन, मध्ये यूडीसीपीआर म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, आणि भरती चढते तिथून खाली सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्र. पारसिकच्या उतारावरून नवी मुंबईत उतरणाऱ्या नाल्यांचंही थोडंफार असंच. त्यामुळे ‘नाल्यापासून किती मीटर सोडायचे?’ या प्रश्नाला एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

भरतीची हद्द ठरते ती खारेपणावरून. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्यात हजारी ५ भाग क्षार जिथवर सापडतात, तिथवर सीआरझेड. ऑगस्टमध्ये प्लॉट बघायला गेलात तर तोच नाला गोड्या पाण्याचा वाटतो, आणि फसगत इथेच होते. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठचा पट्टा १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यातलं जे कमी ते असा होता; २०१९ च्या अधिसूचनेत १०० चे ५० झाले. म्हणजे भरतीचा नाला १२ मीटर रुंद असेल तर भरतीरेषेपासून पट्टाही १२ मीटरच.

पण काठाला तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, असली की हा हिशेब मोडतो. अधिसूचनेप्रमाणे १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटर बफर लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात मात्र क्षेत्रफळाची अट नाही: कांदळवन केवढंही असो, जमीन कुणाचीही असो, ५० मीटरमध्ये बांधकाम नाही, डेब्रिज नाही. ‘आमची तिवरं हजार चौरस मीटरपेक्षा कमी आहेत’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. अधिसूचना या बफरमध्ये सार्वजनिक सेवेची पाइपलाइन, वीजवाहिनी, खांबांवरचा रस्ता एवढंच चालवून घेते, आणि त्यासाठीही आधी न्यायालयाची परवानगी काढावी लागते.

उल्हास किंवा पनवेलची गाढी अशा नद्यांकाठी पूररेषा बघायच्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. काठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, पण निषिद्ध म्हणजे निरुपयोगी नव्हे. उघडं पार्किंग, ओट्यांचा भाजीबाजार, बाग, स्मशानभूमी, मलनिःसारण प्रकल्प, जलवाहिन्या, सार्वजनिक शौचालय हे तिथे चालतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये इमारत होऊ शकते, फक्त बांधकामाची पातळी लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर हवी.

परवानगी असलेल्या वापरातही घोळ होतो तो बहुतेक भरावामुळे. पार्किंग मंजूर झालं म्हणून आधी मीटरभर मुरूम टाकतात, मग पेव्हर, मग कडेने भिंत. पुराला पसरायची जागा गेली की पाणी समोरच्या काठावर किंवा वरच्या अंगाला चढतं. पार्किंग जमिनीच्या आहे त्याच पातळीवर ठेवा. कुंपण हवंच असेल तर तारेचं घाला आणि खालून हातभर मोकळं सोडा, नाहीतर पहिल्याच पुरात प्लास्टिक अडकून त्याचा बांध होतो. नाल्यावर स्लॅब तर नकोच. आतला गाळ काढायला पोकलेन जाणार कुठून? एका काठाला मशीन उतरेल एवढी पट्टी झाडांविना ठेवा.

लागवड करायची तर गोड्या पाण्याच्या काठाला करंज, उंबर, जांभूळ लावा. माती सुटत असेल तिथे वाळ्याचे ठोंब १०-१५ सेंटिमीटरवर, उताराला आडव्या ओळींत. भरतीच्या पट्ट्यात यातलं काही लावण्यापेक्षा भरतीचं पाणी येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवा, तिवर आपोआप येते. रस्त्याखालची मोरी बुजली की उभी तिवरं वाळतात, पण त्याने जमीन नियमातून मोकळी होत नाही.

व्यवहाराआधी कागद काढायचे ते असे: नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा, भूमी अभिलेखकडून मोजणी नकाशा, आणि खाडीजवळ असाल तर अधिकृत संस्थेकडून १:४००० वर प्लॉट चढवलेला सीआरझेड नकाशा. १:२५,००० च्या नकाशावर एक मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर होते. १२ मीटरच्या पट्ट्याचा निवाडा त्यावर करू नका.