तुम्ही विचारलंत म्हणून: एजिनाचं कासव जमिनीवर का आलं?

प्राचीन ग्रीसमधल्या, अथेन्सजवळच्या एजिना बेटाच्या कासव कोरलेल्या चांदीच्या नाण्यांविषयी काहीही लिहिलं की हाच प्रश्न येतो: आधी समुद्री कासव आणि मग जमिनीवरचं, असं का? विचारणाऱ्याला उत्तरही पाठ असतं. अथेन्सने हरवलं, समुद्र हातचा गेला, म्हणून कासव जमिनीवर आलं. मीही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. आता सांगवत नाही.

आधी दोन्ही नाणी शेजारी ठेवा. समुद्री कासवाची पाठ गुळगुळीत, मधोमध ठिपक्यांची ओळ, पाय वल्ह्यासारखे चपटे. जमिनीवरच्या कासवाचं कवच तुकड्यातुकड्यांत कोरलेलं, पाय आखूड आणि जाड. वजन दोघांचंही 12.2 ग्रॅमच्या आसपास. पाडायची रीतही एकच: चांदीचा जाड गोळा ऐरणीत बसवलेल्या कासवाच्या साच्यावर ठेवायचा आणि वरून पंच, म्हणजे ठसा उमटवणारा दांडा, धरून घण मारायचा. आपल्याकडच्या प्राचीन आहत (ठसे ठोकलेल्या) नाण्यांसारखा हा पातळ पत्रा नव्हे. इथे धातू साच्याच्या खोलीत उतरावा लागतो, त्या दाबाने कडा तडकतात. कासवाची पाठ सगळ्यात उंच, म्हणून झिजते आधी तीच. झिजलेल्या पाठीवरून ‘गुळगुळीत, म्हणजे समुद्री’ असं ठरवणारे तिथेच फसतात. पाय बघा.

आता पराभव. तो खरा आहे, आणि तुम्ही समजता त्याहून फार क्रूर आहे. आधी समुद्रावरच्या लढाईत अथेन्सने 70 जहाजं पकडली, मग बेटाला वेढा घातला. इ.स.पू. 457 च्या सुमारास एजिना शरण आलं. तट पाडले, आरमार देऊन टाकलं, खंडणी बसली. अथेन्सच्या नोंदींत ती वर्षाला 30 टॅलेंट (तेव्हाचं वजनाचं माप) दिसते. म्हणजे सुमारे 780 किलो चांदी. कासवांत मोजली तर जवळजवळ 64,000 नाणी, दर वर्षी. तरी समाधान झालं नाही. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने एजिनाला अथेन्सच्या पिरेअस बंदराच्या डोळ्यातली घाण म्हटलं होतं. इ.स.पू. 431 मध्ये बायकामुलांसकट सगळ्यांना बेटावरून हाकललं. अथेन्सचा शत्रू असलेल्या स्पार्टाने त्यांना थायरिया इथे जमीन दिली. 424 मध्ये अथेन्सने तेही गाव जाळलं आणि हाती लागलेल्या एजिनाकरांना ठार केलं.

हे वाचल्यावर कासव बदलणं हा त्या दुःखाचा ठसा वाटतो. मलाही वाटला. पण नाण्यावर साल नाही. जमिनीवरच्या कासवाला जो 456 च्या आसपासचा काळ देतात, तो मुळात याच पराभवाचा आधार घेऊन. म्हणजे पराभवावरून नाण्याचा काळ ठरवायचा आणि त्याच काळावरून पराभवाचा पुरावा काढायचा. शिवाय आपल्या हातच्या नाण्यावर आपलीच नामुष्की कोण कोरून घेईल? व्यापाऱ्याला कासव दिसलं, वजन भरलं, की पुरे. शंका आलीच तर तो छिन्नीने घाव घालून आतली चांदी बघायचा. असे घाव असलेली कितीतरी नाणी आजही मिळतात.

लगेच तुम्ही म्हणाल, मग बदललंच का? बरोबर आहे, नुसतं ‘पराभव नाही’ म्हणून भागत नाही. नवा साचा कोरणारा हात वेगळा असेल, किंवा जुन्या नाण्यांपासून नवी ओळखता यावीत म्हणून केलं असेल. यातलं एकही मी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि पराभवाची गोष्ट साफ खोटी आहे, असंही नाही.

मला अडवतं ते पुढचं. इ.स.पू. 405 मध्ये स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने जिवंत उरलेल्यांना बेटावर परत आणलं. अथेन्स तेव्हा कोसळत होतं. समुद्री कासव परत आणायला आडकाठी कुणाची होती? तरी त्यांनी जमिनीवरचंच कासव ठेवलं, त्याच्या दोन्ही अंगांना बेटाच्या नावाची अक्षरं घातली, आणि नाणं उलटलं तर मागच्या खोलगट चौकोनात डॉल्फिन कोरलेला आहे.