अँस्ट्रुदरचे मासेमारी संग्रहालय: खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

खान्देशातून परदेशी असलेल्या मुलाबाळांकडे जाणाऱ्या आईवडिलांची संख्या आता इतकी वाढली आहे, की अमळनेरच्या आमच्या एका गल्लीतच अशी चार घरे निघतील. परत आल्यावर ही मंडळी लंडनचा राजवाडा आणि एडिंबरोचा किल्ला यांविषयी भरभरून सांगतात. गेल्या जून महिन्यात मुलीकडे डंडीला असताना आम्ही पतिपत्नींनीही किल्ला पाहिला. परंतु पुन्हा जावेसे वाटले ते स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील अँस्ट्रुदर या छोट्या बंदरगावातील मासेमारीच्या संग्रहालयात. ज्यांनी आयुष्यभर कपाशी आणि केळी पाहिली, त्यांनी मासे पकडण्याचे संग्रहालय पाहण्यासाठी अख्खा दिवस कशासाठी घालवावा, असा प्रश्न सौभाग्यवतींनी आदल्या रात्रीच विचारला होता, आणि घर शाकाहारी असल्यामुळे तो रास्तही होता. त्या प्रश्नाचे उत्तर मला संग्रहालयातच मिळाले, म्हणून हा वृत्तांत थोडा सविस्तर लिहीत आहे.

प्रथम जाण्याविषयी. अँस्ट्रुदरला रेल्वे स्थानक नाही. तेथील प्रवासी गाड्या १९६५ मध्येच बंद झाल्या. डंडीहून ९९ क्रमांकाच्या बसने सेंट अँड्र्यूज गाठावे आणि तेथील बसस्थानकावर ९५ क्रमांकाची, किनाऱ्याने क्रेलमार्गे जाणारी बस धरावी. एडिंबरोकडून येणाऱ्यांनी आगगाडीने लूकर्सपर्यंत येऊन पुढे बसने सेंट अँड्र्यूजला यावे, किंवा २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या मार्गाने लीव्हनला उतरून तीच ९५ क्रमांकाची बस उलट बाजूने घ्यावी. आम्ही मुलीला सुटी म्हणून रविवार निवडला आणि तेथेच चुकलो. रविवारी बसगाड्या कमी असतात, जोडणारी गाडी डोळ्यांदेखत निघून गेली आणि बोचऱ्या वाऱ्यात बाकावर बसून पुढच्या गाडीची वाट पाहावी लागली. आपल्याकडे ‘एसटी गेली तर काळीपिवळी आहे’ असा जो भरवसा असतो, तो तेथे धरू नये. शिवाय, साठी उलटलेल्यांना स्कॉटलंडमध्ये बसप्रवास मोफत असतो हे ऐकून कोणी आनंदून जाऊ नये. ती सवलत तेथील रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांनी तिकीट काढावे. परतीचे तिकीट जातानाच घेतल्यास ते स्वस्त पडते का, हे चालकालाच विचारावे, कारण तेथे वाहक नसतो.

गावाचे नाव लिहिताना अँस्ट्रुदर असले तरी स्थानिक लोक ‘एन्स्टर’ म्हणतात, त्यामुळे बसचालकाने तसा उच्चार केल्यास गोंधळून जाऊ नये. बस थांबते तेथून संग्रहालय समोरच, बंदराच्या धक्क्यावर आहे. १९६९ मध्ये उघडलेले हे संग्रहालय एका नव्या कोऱ्या इमारतीत नाही. सोळाव्या शतकापासूनच्या निरनिराळ्या जुन्या घरांना आतून जोडून ते केले आहे. एका दगडी अंगणाभोवती दालने पसरलेली आहेत, कुठे चार पायऱ्या चढाव्या लागतात, कुठे उतार, आणि बाहेरून लहान दिसणारी ही वास्तू आत गेल्यावर आपल्या जुन्या वाड्यांसारखी एका खोलीतून दुसरी खोली काढत जाते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तिकीट घेतानाच कोणत्या भागात पायऱ्या टाळता येतील ते विचारून घ्यावे. आम्ही पहिल्या दोन दालनांत प्रत्येक पाटी वाचत बसलो आणि शेवटच्या मोठ्या नौकांच्या दालनासाठी जेमतेम वीस मिनिटे उरली. हिवाळ्यात संग्रहालय आणखी लवकर बंद होते. किमान तीन तास हाताशी ठेवावेत.

आता मुख्य गोष्ट. या किनाऱ्याचे वैभव उभे राहिले ते हेरिंग नावाच्या माशावर. आपल्याकडील हिलसा आणि तारली यांच्याच कुळातला हा मासा रात्री पाण्याच्या वरच्या थरात येतो, आणि समुद्रात पडद्याप्रमाणे उभ्या सोडलेल्या लांबच लांब जाळ्यांत त्याचे कल्ले अडकतात. ही जाळी पूर्वी अंबाडीसारख्या जाड तागाची असत, जड असत आणि हाताने विणलेली असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स पॅटरसन याने एडिंबरोजवळच्या मसलबरा येथे जाळी विणण्याचे यंत्र चालवले, आणि पुढे त्या यंत्रांवर सुती जाळी होऊ लागली. सुती जाळे हलके, मऊ, त्यामुळे तेवढ्याच नौकेत कितीतरी अधिक जाळी मावू लागली आणि मासळीही अधिक लागू लागली. त्या काळातील स्कॉटलंडच्या हेरिंग धंद्याची भरभराट समजून घ्यायची तर नौकांइतकाच या सुताचा विचार करावा लागतो. काचेमागे ठेवलेल्या त्या तपकिरी जाळ्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. ते सूत कोणत्या देशातील कापसाचे हे पाटीवर लिहिलेले नव्हते आणि ते आपल्याकडचे होते असे म्हणण्याचा माझा मुळीच आग्रह नाही. पण अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबई इलाख्यातील कापसाला जो भाव आला त्याच्या आठवणी ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्या मुलखातल्या माणसाला समुद्रात कापूस भेटावा, याचे अप्रूप वाटल्यावाचून राहिले नाही.

त्याहून मोठे आश्चर्य त्या तपकिरी रंगाचे होते. सुती जाळे खाऱ्या पाण्यात लवकर कुजते, म्हणून ते वरचेवर एका गरम काढ्यात बुडवून वाळवावे लागे. शिडांनाही तोच काढा देत. पूर्वी यासाठी ओकच्या सालीचा अर्क वापरत, पण पुढे त्याची जागा काताने घेतली. होय, आपला विड्याचा कात. हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातील खैराच्या गाभ्यापासून काढलेल्या काताच्या वड्या जहाजांतून तिकडे जात आणि उत्तर समुद्रातील नौकांची शिडे त्या रंगाने रंगत. सातपुड्याच्या पायथ्याशी खैराचे झाड ओळखत नाही असा माणूस विरळा, परंतु त्याच्या रसाने स्कॉटलंडच्या कोळ्याचे जाळे वर्षानुवर्षे टिकत होते हे मला सत्तरीजवळ आल्यावर कळले. इंग्रजी पाटीवर ‘कच’, म्हणजेच कात, असा शब्द दिसला तर तेथे थांबावे. अनेक जण तो शब्द न कळल्यामुळे पुढे निघून जातात.

सौभाग्यवती मात्र रमल्या त्या हेरिंग साफ करणाऱ्या मुलींच्या दालनात, जेथे त्यांचे पुतळे, पिंपे आणि छोट्या सुऱ्या मांडून ठेवल्या आहेत. मासळीचे थवे जसजसे सरकत तसतशा या मुली उन्हाळ्यात उत्तरेकडील शेटलंड बेटांपासून शरदात इंग्लंडमधील ग्रेट यारमथपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जात. तिघींची एक तुकडी असे: दोघी मासा चिरून आतडे काढणार, तिसरी मिठाचे थर देत तो पिंपात रचणार. सराईत बाई मिनिटाला चाळीस ते साठ मासे साफ करी. सुरी आणि मीठ यांनी बोटे सोलून निघू नयेत म्हणून त्या प्रत्येक बोटाला चिंध्या गुंडाळत. मजुरी पिंपावर मिळे, आणि हंगामाला येण्याचे कबूल करवून घेण्यासाठी व्यापारी आधीच काही रक्कम हातावर ठेवी. त्या रकमेला तिकडे ‘आर्ल्स’ म्हणतात. हा शब्द वाचून मी तो समजावून सांगू लागलो, तोच ही म्हणाली, “म्हणजे उचल.” खरोखर, नंदुरबार, धुळे आणि चाळीसगावकडून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून जी उचल घेतात, तिचेच हे भावंड होते, जोडप्याच्या ‘कोयत्या’सारखी तेथे तिघींची तुकडी, एवढाच फरक. मुक्कामी जाताना आपले सर्व सामान एका लाकडी पेटीत भरून नेण्याची त्यांची रीत आणि चालता-बोलताना हातात सतत विणकामाच्या सुया असण्याची सवय, हे सर्व तिने मला दाखवले, मी तिला नव्हे.

हा धंदा १९१३ च्या सुमारास शिखरावर होता. खारवलेली मासळी मुख्यतः जर्मनी आणि रशियाकडे जात असे, त्यामुळे पहिले महायुद्ध आणि रशियन क्रांती यांनी बाजारपेठच हिरावून घेतली. बाकीच्या घसरणीची हकीकत दालनात क्रमाने आहे, ती येथे सांगत बसत नाही.

नौकांचे दालन शेवटी येते आणि ते घाईत पाहण्याजोगे नाही. तेथे १९०३ ची ‘रिसर्च’ नावाची प्रचंड नौका छताखाली ठेवलेली आहे. ती ‘झुलू’ प्रकारातली आहे. असा पहिला नमुना १८७९ मध्ये, आफ्रिकेतील झुलू युद्ध चालू असताना बांधला गेला, म्हणून हे नाव. दुसरा प्रकार ‘फायफी’, तो फाइफ या याच परगण्याच्या नावावरून. संग्रहालयाच्या मालकीची ‘रीपर’ ही १९०२ ची फायफी नौका बाहेर बंदरात पाहायला मिळते; मात्र ती डागडुजीसाठी किंवा सफरीवर गेलेली असू शकते, तेव्हा तिच्यासाठीच येणार असाल तर आधी चौकशी करावी.

एका लहान दालनात समुद्रात बुडालेल्या मच्छीमारांचे स्मारक आहे. १४ ऑक्टोबर १८८१ रोजी याच किनाऱ्याच्या दक्षिणेकडील आयमथ परिसरात वादळाने १८९ मच्छीमार एका दिवसात नेले, त्यांपैकी १२९ एकट्या आयमथ गावचे होते. त्या दालनात लोक आपोआप गप्प होतात. आपल्याबरोबर नातवंडे असतील तर तेथे त्यांना समजावून सांगावे, आणि मन हलके करण्यासाठी पुढे हेही सांगावे की तेथील कोळी नौकेवर डुक्कर, पाद्री किंवा सामन मासा यांची नावे घेत नसत आणि कोणी चुकून घेतलेच तर लोखंडाला हात लावत. आपल्याकडे रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात, तसेच हे.

खाण्याविषयी शाकाहारी मंडळींनी विशेष सावध असावे. अँस्ट्रुदर तळलेल्या मासळीसाठी प्रसिद्ध आहे आणि दुपारी दुकानांबाहेर रांगा लागतात. नुसते बटाट्याचे तळलेले काप घ्यावेत असे वाटेल. पण त्या देशात काही दुकानांत तळणीला गाईच्या चरबीचे तेल वापरतात, म्हणून तेल वनस्पतीचे आहे का हे विचारल्याशिवाय घेऊ नये. विचारल्यास कोणी वाईट मानत नाही. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर नेली होती, ती धक्क्यावरच्या बाकावर बसून खाल्ली. मात्र समुद्रपक्षी हातातला घास उचलून नेतात. माझी अर्धी दशमी अशीच गेली. जून असला तरी कानटोपी, स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट हवेच. छत्री नेऊ नये, ती उलटी होते. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे अजून वेळ आहे असे वाटत राहते आणि शेवटची बस चुकण्याचा धोका असतो.

ज्यांना पक्ष्यांची आवड आहे त्यांना येथूनच एप्रिल ते सप्टेंबरमध्ये मे बेटावर नावेने जाता येते. रंगीत चोचीचे पफिन पाहायचे तर ऑगस्ट उजाडण्यापूर्वी जावे. सुटण्याची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलते, म्हणून बेट आणि संग्रहालय एकाच दिवशी करायचे असल्यास आधी नावेची वेळ निश्चित करावी आणि मग संग्रहालयाची. आम्ही बेटावर गेलो नाही. हिला नावेची भीती वाटते.

परत आल्यावर एक काम राहिले होते. संग्रहालयात कोळ्याच्या जुन्या घराचा देखावा आहे, त्याच्या माळ्यावर जाळी दुरुस्त करण्याची जागा आहे, आणि तेथे जाळे विणण्याच्या चपट्या लाकडी सुया ठेवलेल्या आहेत. मधे जीभ कोरलेली ती सुई मी लहानपणी कुठेतरी पाहिली आहे असे मला सारखे वाटत होते. पावसाने उघडीप दिल्यावर तालुक्यातील तापीकाठच्या एका गावी, ओळखीच्या एका वृद्ध भोई गृहस्थांकडे गेलो आणि मोबाइलवर त्या सुईचे छायाचित्र दाखवले. त्यांनी ते दूर धरून, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, “हाई ते आम्हनीच सुई शे.” मग घरात जाऊन स्वतःची घेऊन आले, लाकडाऐवजी प्लास्टिकची आणि सुताऐवजी नायलॉनचा दोरा भरलेली, पण आकार तोच. काताच्या काढ्यात जाळे बुडवण्याची हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, मात्र त्यांना खरे कुतूहल वेगळ्याच गोष्टीचे होते. जाळ्याचा आस, म्हणजे एका घराचे माप, किती बोटांचे होते, असे त्यांनी दोनदा विचारले. मी इतके सारे पाहून आलो आणि तेवढे मोजायचे राहिले होते. तेव्हा यापुढे जो कोणी अँस्ट्रुदरला जाईल त्याने त्या तपकिरी जाळ्याच्या काचेसमोर बोट धरून एक छायाचित्र अवश्य काढून आणावे. ते पोहोचते करण्याची जबाबदारी माझी.